पुढच्या टायरचा बाण

माझ्या साडूचा मी पाच वर्षं मत्सर केला. त्याच्याकडे माझ्यापेक्षा जास्त जमीन नव्हती, सरकारी पगार तर नव्हताच, आणि दिसायलाही तो चारचौघांसारखाच होता. मत्सराचं कारण होतं एका मोटारसायकलची दोन चाकं, आणि ती मोटारसायकलसुद्धा आमच्या दोघांची नव्हती. ती सासऱ्यांची होती.

सासऱ्यांना आम्ही आबा म्हणायचो. पळसदेवला त्यांचं घर आणि घरामागे साडेचार एकर ऊस. मुलगा नाही, दोन मुली. थोरली माझी बायको. मी तेव्हा बारामतीला मोजणी खात्यात होतो, वय एकेचाळीस. धाकटी माझ्या लग्नानंतर नऊ वर्षांनी इंदापुरात दिली. तिचा नवरा, म्हणजे माझा साडू, पाण्याच्या जळालेल्या मोटरी नवी तार गुंडाळून भरून द्यायचा धंदा करायचा. नव्वद साल नुकतं उलटलं होतं.

गाडी लहानशी होती. उजनी धरणाचं काम संपल्यावर सर्व्हेवाल्यांचं सामान लिलावात निघालं, त्यात आबांनी ती घेतली. इंजिन शंभर सीसीच्या आतलं, सायलेन्सर वर वळवलेला, पुढचं मडगार्ड चाकापासून चांगलं वीतभर उंच. पुढचं चाक एकोणीस इंची, मागचं सतरा, दोन्हीला छत्तीस-छत्तीस स्पोक आणि उंच रबरी बटणांचे टायर. गावात लोक तिला हसायचे, पण फेब्रुवारीनंतर हसायचे नाहीत. आबांच्या उसाला पाणी धरणाच्या फुगवट्यातून यायचं. उन्हाळ्यात पाणी मागे हटत जायचं, तसतशी मोटर आणि पाइप खाली न्यावे लागायचे. मे महिन्यात पाण्यातलं जुनं देऊळ अर्धं उघडं पडलं की घरापासून मोटरीपर्यंत दीड किलोमीटर व्हायचं. वरून भेगाळलेली, खाली ओली अशी ती काळी माती. साध्या मोटारसायकलच्या मडगार्डमध्ये ती अशी ठासून बसायची की दोनशे मीटरमध्ये चाक फिरायचं थांबायचं. ही गाडी मात्र जायची.

आबांचे गुडघे गेल्यापासून त्यांना गाडी चालवता येत नव्हती, मागे बसता यायचं. रोज एकदा मोटर डोळ्यांनी पाहिल्याशिवाय त्यांना जेवण जात नसे. एरवी ते काठी टेकत चालत जायचे. दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी मला सुट्टी असायची. शुक्रवारी संध्याकाळी मी भिगवणला एसटी बदलून पळसदेवला पोहोचायचो आणि दोन दिवस आबांना मागे बसवून खाली न्यायचो. एक हात माझ्या खांद्यावर ठेवून ते शेजाऱ्यांच्या पिकांवर बोलत राहायचे. कुणाचं कलिंगड फुटलंय, कुणी पाइप चोरून जोडलाय. माझे वडील मी लहान असताना गेले. खांद्यावर असा हात मला दुसऱ्या कुणाचा माहीत नव्हता.

त्या गाडीची चाकं मी सांभाळायचो. सहा वर्षं. मी हवा अंदाजाने मारत नसे. माझ्याकडे मोजायचा काटा होता. चिखलात पुढे चौदा पौंड आणि मागे सोळा, हायवेला जायचं तर दोन्हीत सहा वाढवायची. चाक उभं फिरवून ते धरणाऱ्या चिमट्याला खडू धरायचा, जिथे खडू रिमला लागेल तिथे रिम बाहेर आलेली, मग त्या बाजूचा स्पोक पाव आटा सैल आणि समोरचा पाव आटा घट्ट. एक मिलिमीटरपेक्षा जास्त आउट मी कधी ठेवला नाही. टायर चढवताना साबणाचं पाणी, ट्यूबला शंखजिऱ्याची पूड. बटणांची उंची मी पट्टीने मोजून वहीत लिहायचो. नवीन असताना अकरा मिलिमीटर, पाचवर आली की टायर बदलायचा.

साडू आला आणि चाकाला कान लावू लागला.

खरंच कान. पहिल्याच उन्हाळ्यात त्याने गाडी स्टँडवर घेतली, पान्याच्या दांड्याने एकेका स्पोकवर टिचकी मारत चाक फिरवलं आणि सातवा की आठवा स्पोक धरून म्हणाला, हा बद्द वाजतोय. मी खडू लावून पाहिलं. रिम बरोबर तिथेच दीड मिलिमीटर बाहेर होती. मला जे कळायला वीस मिनिटं लागायची ते त्याला दोन मिनिटांत कळलं होतं. आबा बाजेवर बसून बघत होते. म्हणाले, "धाकट्यांच्या बोटाला कान हायेत." मग माझ्याकडे बघून, "तुमचं बी बरोबर हाय, थोरले. येळ लागतो एवढंच."

हे वाक्य मी बारामतीपर्यंत सोबत आणलं.

त्यानंतर तो बुधवारी यायला लागला. बुधवारी त्याचं दुकान बंद असायचं. म्हणजे आबांचे महिन्यातले चार दिवस त्याच्याकडे आणि चार माझ्याकडे. हा हिशेब कुणी मांडला नव्हता, मी मांडला. माझ्या बायकोला बहिणीकडून निरोप कळायचे आणि ती ते निष्पापपणे मला सांगायची: बुधवारी आबा हसत होते म्हणे, बुधवारी पाण्याच्या कडेला बसून दोघांनी भाजलेले मासे खाल्ले म्हणे. मी विचारायचो, हवा किती होती? ती म्हणायची, हवेचं कोण सांगतंय?

एकदा मी स्पोकची चावी खिशात घालून बारामतीला घेऊन आलो. विसरून नव्हे. ती चावी दोन आठवडे माझ्या टेबलाच्या खणात होती, आणि खण उघडला की मला बरं वाटायचं. पुढच्या शुक्रवारी गेलो तर आबांच्या पडवीत खिळ्याला दुसरी चावी टांगलेली. साडूने लोखंडी पट्टी कानशीने घासून ती स्वतः बनवली होती. ती माझ्या विकतच्या चावीपेक्षा स्पोकच्या निपलवर घट्ट बसायची. मी तिच्याने दोन स्पोक फिरवून पाहिले आणि परत टांगली.

तो माझ्याशी वाईट वागला असता तर सोपं गेलं असतं. तो मला साडूभाऊ म्हणायचा, माझ्या वहीतले आकडे वाचून मान डोलवायचा. एकदा म्हणाला, तुमी लिहून ठेवता म्हणून मला डोकं लावावं लागत न्हाय. त्यात टोमणा असावा म्हणून मी शोधला. सापडला नाही.

चौथ्या वर्षी, एप्रिलच्या सुरुवातीला, बटणं पाच मिलिमीटरवर आली. त्या मापाचे टायर बारामतीत मिळत नव्हते आणि इंदापुरातही नाही. मी रजा टाकून पुण्याला गेलो, तीन दुकानं हिंडून दोन्ही टायर मिळवले, आणि एसटीच्या टपावर बांधून शुक्रवारी आणले. शनिवारी सकाळी अंगणात पोतं अंथरून बसलो. योगायोगाने साडूही आला होता. कुणाची तरी मोटर पोचवायला आला होता म्हणे. तो माझ्या शेजारी उकिडवा बसला. आबा बाजेवर. शेजारचे दोघे-तिघेही जमले, कारण आमच्याकडे टायर चढवणं हे बघण्यासारखं काम असतं.

हे टायर जुन्यांसारखे नव्हते. जुन्यांची बटणं सरळ ओळींत होती, कसेही बसवा. यांची बटणं तिरकी, ट्रॅक्टरच्या टायरसारखी मध्याकडे मिळत जाणारी. मग कुठली बाजू पुढे? आमच्या भागात या प्रश्नाला एकच उत्तर आहे. अंगणात आबांचा ट्रॅक्टर उभाच होता. मी उठून त्याच्या मागे गेलो. मागून पाहिलं की ट्रॅक्टरच्या टायरवरच्या कडा वर जाऊन छपराच्या आढ्यासारख्या मिळतात. उलटं बसवलं तर तो चिखलात नुसता फिरतो, हे शेंबड्या पोरालाही माहीत. मी मागचा टायर तसाच धरला, मग बाजूवर छापलेला बाण पाहिला. बाण जुळला. नियम बरोबर निघाला म्हटल्यावर पुढचा टायरही तसाच धरला आणि बाण पाहिला नाही. सगळं मोजणारा मी, तेवढंच पाहिलं नाही.

पुढचं चाक मी बसवून आस आवळत असताना साडू हळूच म्हणाला, "साडूभाऊ, पुढच्याचा बाण उलटा दिसतोय."

सगळ्यांनी ऐकलं. मला कान गरम झाल्याचं आठवतं. मी वाकून पाहिलं असतं तर दिसलं असतं की बाजूवर दोन बाण आहेत, एक पुढच्या चाकासाठी आणि एक मागच्या, आणि दोघांची तोंडं विरुद्ध आहेत. मी वाकलो नाही. आस आवळत आवळत म्हणालो, "ट्रॅक्टर कधी उलट्या टायरनं चालल्याचं ऐकलंय का? का मोटरी भरता भरता टायरही उलटे भरायला लागलात?"

शेजारी हसले. आबाही हसले, आणि म्हणाले, "ऱ्हाऊ द्या, धाकटे. ट्रॅक्टरापुढं बाणाचं काय चालतंय." साडूही हसला. त्या वर्षातला तो माझा सगळ्यात चांगला दिवस होता.

अकरा दिवसांनी, बुधवारी, साडू आबांना घेऊन खाली गेला. मोटरीच्या अलीकडे दीडशे मीटरवर उतार आहे, तिथे कुणाच्या तरी पाइपचा सांधा गळत होता आणि माती ओली होती. पाइप रात्रीतून सरकून वाटेत आडवा आलेला. साडूने ब्रेक दाबला, पुढचं चाक घसरत जाऊन पाइपाला धडकलं आणि दोघे पडले. साडूला खरचटलं. आबांनी हात टेकला आणि त्यांचं उजवं मनगट मोडलं. इंदापूरला प्लास्टर घातलं, सहा आठवड्यांचं.

मला कार्यालयात फोन आला. मी त्याच दिवशी गेलो. आबा बाजेवर बसलेले, हात गळ्यात. साडू खांबाला टेकून उभा. आबांनी त्याच्यासमोरच मला सांगितलं, "धाकटे लई जोरात चालवतात. मी आता त्यांच्या मागं बसायचा न्हाय. तुमीच न्या मला, थोरले." साडूने मान खाली घातली. 

मला काय वाटलं ते लिहितो. आनंद झाला. मनगटाचं वाईट वाटलं, पण नंतर, आणि आनंदापेक्षा कमी.

मी दहा दिवसांची अर्जित रजा टाकली आणि रोज सकाळी आबांना खाली न्यायला लागलो. ताशी बारा किलोमीटरच्या वर काटा जाऊ दिला नाही. त्यांचा डावा हात माझ्या खांद्यावर. गाडी हळू म्हणून गोष्टी जास्त व्हायच्या. पाण्याच्या कडेला आम्ही बसायचो, मीही मासे भाजायला शिकलो, अर्धे करपवले. मधे एकदा दुकान बंद ठेवून साडू आला. आम्ही परत येईपर्यंत तो पडवीत बसून होता, आणि मी गाडी स्टँडवर लावली तेव्हा त्याने चाकांकडे पाहिलंही नाही. मला वाटलं, जिरली.

सातव्या दिवशी त्याच उतारावर मला ब्रेक दाबावा लागला. एक म्हैस आडवी आली. बारा किलोमीटरचा वेग, कोरडी बाजू, तरी पुढचं चाक हातभर घसरलं. आबांना कळलंही नाही. मला कळलं. पूर्वी याच उतारावर याच वेगाने मी शेकडो वेळा ब्रेक दाबला होता.

दुपारी आबा झोपल्यावर मी गाडी घेऊन एकटा खाली गेलो. सोबत मोजणीची फीत, चुन्याची फक्की आणि हत्यारांची पिशवी. ओल्या पट्ट्यावर चुन्याची आडवी रेघ मारली. ताशी पंधराने यायचं, रेघेवर फक्त पुढचा ब्रेक दाबायचा, गाडी थांबेल तिथपर्यंत मोजायचं. दहा वेळा केलं. सरासरी पाच मीटर चाळीस. मग तिथेच चाक काढलं, टायर उलटवून बाणाप्रमाणे बसवला, तीच हवा भरली, आणि पुन्हा दहा वेळा. सरासरी चार मीटर साठ.

रेघेजवळ बसून मी विचार केला तेव्हा साधी गोष्ट कळली. मागचं चाक गाडी ढकलतं, पुढचं चाक गाडी थांबवतं. दोघांचा जोर विरुद्ध दिशेला, म्हणून बाणही विरुद्ध. ट्रॅक्टरने मला हे सांगितलं नाही, कारण ट्रॅक्टरची पुढची चाकं वेगळीच असतात, त्यांवर तिरक्या कडाच नसतात. मी फक्त मागे जाऊन पाहिलं होतं.

ऐंशी सेंटिमीटरने आबांचं मनगट वाचलं असतं का, हे मी सांगू शकत नाही. साडू वेगात होता, हे खरं. पण चाकाची खूण जिथे सुरू झाली तिथून पाइपापर्यंतचं अंतर मला माहीत नव्हतं, आणि ती खूण आता पुसली होती. ज्याचं माप नाही त्याचा निकाल मी देत नाही. एवढं मात्र माहीत होतं की टायर मी उलटा बसवला, मला सांगितलं गेलं, आणि मी चार माणसांत सांगणाऱ्याची चेष्टा केली.

टायर आता बरोबर बसला होता. कुणाला कळण्याचं कारण नव्हतं. मी चुन्याची रेघ पायाने पुसली आणि वर आलो. त्या संध्याकाळी बोललो नाही. आठव्या दिवशी सकाळीही नाही. दुपारी आबा मला म्हणाले की पुढच्या वर्षापासून उन्हाळ्यात मी पंधरा-पंधरा दिवस रजा काढून यावं, त्यांना बरं वाटतं. ते ऐकल्यावर बोलायचं ठरवलं. नाही बोललो तर ते पंधरा दिवस मला असे मिळाले असते की मी ते वहीत लिहू शकलो नसतो.

त्या दिवशी संध्याकाळी साडू आबांची औषधं घेऊन आला. मी दोघांना बसवलं आणि आकड्यांसकट सांगितलं. पाच चाळीस, चार साठ, दहा-दहा वेळा. आबांनी प्लास्टरचा हात मांडीवर घेतला आणि साडूकडे पाहिलं.

साडू म्हणाला, "पडलो त्याच्या दुसऱ्याच दिशी मी परत बघितला हुता बाण."

"मग बोलला का नाहीस?" मी विचारलं. मी त्याला पहिल्यांदाच अरेतुरे केलं होतं.

"एकदा बोललो हुतो की." त्याने औषधांची पिशवी बाजूला ठेवली. "आन मी जोरात हुतोच, साडूभाऊ. पडल्यावर बाण दाखवत बसायचं म्हंजे कसं दिसतं."

 त्याच्या जागी मी असतो तर प्लास्टर ओलं असतानाच टायर काढून बाजेवर ठेवला असता. आठ दिवस त्याने ते पोटात ठेवलं होतं, दुकानात मोटरी भरत, आणि मी त्याची जिरली म्हणून खूश होतो. बोटाला कान असणं वेगळं. हे तर मला वीस मिनिटांतही जमलं नसतं. मी हे लिहितोय म्हणून वाचणाऱ्याला वाटेल की त्या क्षणी माझा मत्सर गेला. उलट तेव्हा तो नीट बसला. तोपर्यंत तो चाकांपुरता होता.

 आबांनी मला एकच विचारलं, "म्हंजे धाकट्यांची चूक न्हवती?"

"सगळी नव्हती," मी म्हणालो. "किती होती ते मला मोजता येत नाही."

"व्हय," आबा म्हणाले. मग साडूकडे वळून, "आज ऱ्हावा हितंच. सकाळी तुमीच न्या."

सकाळी साडूने गाडी काढली. मी पडवीतून पाहत होतो. त्याने हवा अंगठ्याने दाबून पाहिली, स्पोकवर तीन-चार टिचक्या मारल्या आणि आबांना आधार देऊन मागे बसवलं. आबांनी डावा हात त्याच्या खांद्यावर ठेवला. जाता जाता साडू म्हणाला, "साडूभाऊ, चला की चालत मागनं, मासे भाजू." मी म्हटलं, मला सामान भरायचंय. रजेचे दोन दिवस शिल्लक होते.

ते बांधाआड गेले. मग फक्त आवाज. पहिला उतार, गिअर कमी झाला, मग सपाट. ओला पट्टा कुठे येतो ते मला पाठ होतं. तिथे आवाज अगदी बारीक झाला, मीही हातातला शर्ट तसाच धरून थांबलो. ते पडावेत असं मला वाटलं नाही. पण सावकाश जावेत, माझ्यापेक्षाही सावकाश, असं वाटलं. मग आवाज पुन्हा वाढला आणि पाण्याकडे निघून गेला. तो ताशी बाराच्या वरचा आवाज होता. आबांनी त्याला हळू चालव म्हटलं असेल का, याचा विचार करत मी शर्टाची घडी घातली.

साडेअकराच्या एसटीने मी निघालो. घरी पोचल्यावर बायकोने विचारलं, दोन दिवस आधीच कसे? मी तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मग खरं सांगितलंत ते बरंच केलंत. हलकं वाटलं असेल."

मी म्हटलं, "नाही."